अपुऱ्या राहिलेल्या लढतीचा वारसा : ‘क्रीड’ आणि चित्रपटमालिकेचे पुनरुज्जीवन

१

दीर्घकाळ चाललेली एखादी कथामालिका थांबल्यानंतर पुन्हा का सुरू होते, या प्रश्नाचे पहिले उत्तर बहुधा व्यावसायिक असते : ओळखीच्या नावाला गिऱ्हाईक मिळते. हे उत्तर खरे आहे. पण समीक्षेचे काम तेवढ्याने भागत नाही. ओळखीच्या नावाने उभ्या राहिलेल्या सर्व संहिता सारख्या नसतात. काही संहिता पूर्वसंहितेचे वैभव पुन्हा मिरवतात, तर काही तिच्याकडे राहून गेलेला हिशेब मागतात. मालिकेच्या इतिहासात हा भेद कसा प्रकट होतो, हे रायन कूगलर दिग्दर्शित ‘क्रीड’ (२०१५) या मुष्टियुद्धपटाच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे. सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांच्या ‘रॉकी’ मालिकेतील हा सातवा चित्रपट. मालिकेच्या शीर्षकातून रॉकीचे नाव प्रथमच गळाले, ते याच चित्रपटात. त्याच्या जागी आले ते त्याच्या पहिल्या प्रतिस्पर्ध्याचे आडनाव.

फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी ‘पालँप्सेस्त’ (१९८२) या ग्रंथात एका संहितेवर दुसरी संहिता कशी रचली जाते, याची विस्तृत मीमांसा केली आहे. तीत त्यांनी दालाँबेर याचा एक जुना भेद विचारात घेतला आहे. एका प्रकारात लेखक स्वतःच्याच, बहुधा पूर्ण झालेल्या कृतीचा पुढचा भाग लिहितो. कृतीला लाभलेले यश ही त्यामागील प्रेरणा असते. दुसऱ्या प्रकारात दुसऱ्याची अपुरी राहिलेली कृती कोणी तरी पुढे नेतो. पहिल्याला आपण ‘उत्तरभाग’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘पूर्ती’. ‘रॉकी’ मालिकेतील पहिल्या सहाही चित्रपटांचे लेखन स्टॅलोन यांचे आहे. म्हणजे दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे सर्व चित्रपट उत्तरभाग ठरतात. ‘क्रीड’ची कथा कूगलर यांची आणि पटकथा कूगलर व आरन कव्हिंग्टन यांची. तरीही लेखणी दुसऱ्याच्या हाती गेली एवढ्यावरून त्याला पूर्ती म्हणता येणार नाही. त्यासाठी पूर्वसंहितेत काही अपुरे राहिले होते, असे दाखवावे लागेल. ‘रॉकी’ मालिका तर वारंवार पूर्ण झालेली, विजयाच्या घोषात अनेकदा संपलेली मालिका. तिच्यात अपुरे काय होते? या प्रश्नासाठी पडद्यावरच्या कथेआधी रिंगच्या इतिहासाकडे वळावे लागते.

२

मुष्टियुद्ध आणि चित्रपट यांचा संबंध चित्रपटाच्या जन्माइतकाच जुना आहे. १७ मार्च १८९७ रोजी नेवाडा राज्यातील कार्सन सिटी येथे झालेली कॉर्बेट–फिट्झसिमन्स लढत चित्रित करण्यात आली. तिचा चित्रपट तासाभराहून अधिक चालणारा होता, आणि आरंभकाळातील दीर्घ चित्रपटांत त्याची गणना होते. आखून घेतलेली चौकट, मोजलेला वेळ, दोन देह आणि निश्चित शेवट यांमुळे ही क्रीडा कॅमेऱ्याला सोयीची होती. परंतु कोणाचा विजय पडद्यावर दिसावा, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे टॉमी बर्न्स याचा पराभव करून जॅक जॉन्सन हा हेवीवेट गटाचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला. त्याच्याकडून विजेतेपद ‘परत’ मिळवण्यासाठी निवृत्त झालेल्या जिम जेफ्रीज याला रिंगमध्ये आणले गेले. ‘गोऱ्यांची आशा’ या शब्दप्रयोगाचा पगडा या काळातला. ४ जुलै १९१० रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, रीनो येथे जॉन्सनने जेफ्रीजला हरवले. अनेक शहरांत दंगली उसळल्या, माणसे मेली. त्या लढतीच्या चित्रपटावर ठिकठिकाणी बंदी आली आणि १९१२ मध्ये मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास मनाई करणारा केंद्रीय कायदा झाला. तो १९४० पर्यंत टिकला. रिंगमध्ये जे घडले ते पुसता येत नव्हते. ते पाहता येऊ नये, एवढी व्यवस्था करता आली.

या इतिहासाची दुसरी बाजू त्यानंतर साठ वर्षांनी दिसते. रॉकी मार्सियानो हा गोरा, इटालियन वंशाचा अमेरिकन विजेता ४९ लढतींत अपराजित राहून १९५६ मध्ये निवृत्त झाला. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिल्यामुळे मुहम्मद अली याचे विजेतेपद १९६७ मध्ये काढून घेण्यात आले. हे दोघे कधीच लढले नव्हते. १९६९ मध्ये कॅमेऱ्यासमोर दोघांची लुटुपुटीची लढत चित्रित झाली, निकाल संगणकाने दिल्याचे सांगण्यात आले आणि जानेवारी १९७० मध्ये ती चित्रपटगृहांत दाखवली गेली. अमेरिकन प्रेक्षकाने पडद्यावर मार्सियानोला अलीवर मात करताना पाहिले. तोपर्यंत मार्सियानो विमान-अपघातात मरण पावला होता. मार्सियानोच्या निवृत्तीनंतर १९७६ पर्यंत एकही गोरा अमेरिकन मुष्टियोद्धा हेवीवेट जगज्जेता झाला नाही. वास्तवाने जे दिले नाही, ते चित्रपटाने द्यावे, अशी मागणी ‘रॉकी’पूर्वीच तयार झाली होती.

३

‘रॉकी’ची जन्मकथा प्रसिद्ध आहे. २४ मार्च १९७५ रोजी ओहायो राज्यात चक वेप्नर हा फारसा कोणाच्या खिजगणतीत नसलेला गोरा मुष्टियोद्धा अलीसमोर पंधराव्या फेरीपर्यंत टिकला. फेरी संपायला काही सेकंद उरले असताना पंचाने लढत थांबवली. ती पाहून स्टॅलोन यांनी अवघ्या काही दिवसांत पटकथा लिहिली आणि नायकाची भूमिका आपणच करणार, असा आग्रह धरला. जॉन अॅव्हिल्डसन दिग्दर्शित हा अल्पखर्ची चित्रपट १९७६ च्या अखेरीस प्रदर्शित झाला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन व संकलन यांसाठी ऑस्कर पुरस्कार मिळाले.

या चित्रपटाच्या साधेपणात एक गुणवत्ता आहे, हे मान्य केले पाहिजे. त्याचा नायक जिंकत नाही; पंचांच्या विभागलेल्या कौलाने हरतो. पंधरा फेऱ्या उभे राहणे हेच त्याचे ध्येय असते. पराभवाला प्रतिष्ठा देणारी ही रचना लोकप्रिय चित्रपटात विरळा. परंतु या रचनेतील स्थाने कशी वाटली गेली, हे पाहण्याजोगे आहे. अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या वर्षी, फिलाडेल्फियात, अपोलो क्रीड हा कृष्णवर्णीय विजेता एका अनोळखी मुष्टियोद्ध्याला ‘संधी’ देतो. तो वॉशिंग्टनच्या वेषात रिंगमध्ये येतो, मग अंकल सॅमचा पोशाख दाखवतो. संपत्ती, वाक्चातुर्य, प्रसारमाध्यमे, राष्ट्राची चिन्हे, सारे त्याच्याकडे. थंड खोली, कासवे आणि भिंतीवर मार्सियानोचे चित्र रॉकीकडे. ज्या समाजाला या क्रीडेत विजेतेपदाची दारे दीर्घकाळ बंद होती, त्याचा प्रतिनिधी येथे सत्तेच्या जागी बसतो आणि वंचिताची जागा गोऱ्या नायकाला मिळते. अपोलोमध्ये अलीची छाया उघड आहे; पण अलीला राज्यसत्तेशी झगडावे लागले, तो भाग मात्र तिच्यात नाही. इतिहासाची ही उलटापालट चित्रपट कोठेही घोषित करत नाही, आणि म्हणूनच ती परिणामकारक ठरते. विचारप्रणाली सर्वांत सहजपणे काम करते ती करुणेच्या आश्रयाने.

फिलाडेल्फियाचा खरा जगज्जेता जो फ्रेझर होता. दक्षिण कॅरोलिनातून आलेल्या या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याने शहरातील कत्तलखान्यात काम केले होते. टांगलेल्या मांसावर ठोसे मारून आपण सराव करीत असू, असे त्याने सांगितले आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले, आणि ८ मार्च १९७१ रोजी अलीला हरवले. मांसावरचे ठोसे पडद्यावर रॉकीचे झाले. फ्रेझर स्वतः त्याच चित्रपटात क्षणभर दिसतो, तो लढतीपूर्वी रिंगमध्ये ओळख करून दिलेला पाहुणा म्हणून. ‘रॉकी ३’साठी (१९८२) घडवलेला रॉकीचा कांस्य पुतळा पुढे शहराच्या मालकीचा झाला आणि २००६ मध्ये कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांपाशी उभा राहिला. फ्रेझर २०११ मध्ये वारला. त्याचा पुतळा फिलाडेल्फियात उभा राहिला तो सप्टेंबर २०१५ मध्ये, ‘क्रीड’ प्रदर्शित होण्याच्या अवघे दोन महिने आधी. कल्पित माणसाला शहराने आधी ओळखले, हाडामांसाच्या माणसाला नंतर. मिथकाचे सामर्थ्य मोजण्यासाठी याहून वेगळ्या मापाची गरज नाही.

४

पुढील उत्तरभागांत अपोलो क्रीड या पात्राचे काय होते, ते पाहणे उद्बोधक आहे. ‘रॉकी २’मध्ये (१९७९) तो हरतो. ‘रॉकी ३’मध्ये तो रॉकीचा मित्र व प्रशिक्षक होतो, त्याला लॉस एंजेलिसला नेतो, पायांची लय शिकवतो, स्वतःच्या अमेरिकी ध्वजाच्या रंगांच्या शॉर्ट्स त्याला देतो. ‘रॉकी ४’मध्ये (१९८५) लास वेगासमधील प्रदर्शनीय लढतीत सोव्हिएत मुष्टियोद्धा इव्हान ड्रागोच्या ठोशांनी तो मरतो. रॉकीच्या हातात टॉवेल असतो; तो वेळेवर फेकला जात नाही. मग रॉकी मॉस्कोला जाऊन सूड घेतो. प्रतिस्पर्धी, मदतनीस, हुतात्मा हा क्रम कथनमीमांसेच्या अभ्यासकाला परिचित आहे. नायकाला पुढे नेण्यासाठी जे जे कार्य लागेल, ते ते हे पात्र पार पाडते. त्याचे कौशल्य, त्याच्या शॉर्ट्स आणि अखेरीस त्याचा मृत्यूही नायकाच्या खात्यात जमा होतो. ‘रॉकी ५’ (१९९०) आणि ‘रॉकी बाल्बोआ’ (२००६) यांत नायकाचे उतारवय येते. अपोलो मात्र आठवणीपुरता उरतो.

तथापि या मालिकेत एक जागा मोकळी राहून गेली होती. ‘रॉकी ३’च्या शेवटी, रॉकीने विजेतेपद परत मिळवल्यावर, अपोलो त्याच्याकडे शिकवणीची परतफेड मागतो : तिसरी लढत, रिकाम्या व्यायामशाळेत, प्रेक्षकांवाचून, पंचांवाचून. दोघे एकाच वेळी ठोसा मारतात आणि चित्र गोठते. त्या गोठलेल्या चौकटीचे लीरॉय नीमन यांच्या शैलीतल्या रंगचित्रात रूपांतर होते. कोण जिंकले, हे मालिका सांगत नाही. त्या वेळी हा एक खेळकर समारोप वाटला असेल. पण ज्या मालिकेची सारी अर्थव्यवस्था निकालावर उभी आहे, तिने एकच निकाल रोखून धरला होता, आणि तो निकाल अपोलोचा होता.

५

कूगलर यांचा जन्म १९८६ चा, म्हणजे पहिल्या ‘रॉकी’नंतर दहा वर्षांनी, ओकलंडमधला. त्यांचा पहिला चित्रपट ‘फ्रूटव्हेल स्टेशन’ (२०१३) १ जानेवारी २००९ रोजी ओकलंडच्या रेल्वेस्थानकावर पोलिसाच्या गोळीने मारल्या गेलेल्या ऑस्कर ग्रँट या कृष्णवर्णीय तरुणावर आधारलेला होता. त्यात ग्रँटची भूमिका करणारे मायकल बी. जॉर्डन हेच ‘क्रीड’चे नायक. ‘रॉकी’चे चित्रपट वडिलांबरोबर पाहिलेले आणि त्यांच्या आजारपणातून ही कल्पना सुचलेली, असे कूगलर यांनी सांगितले आहे. स्टॅलोन यांनी सुरुवातीला नकार दिला होता. या पार्श्वभूमीवर ‘क्रीड’ एका विलक्षण स्थानावरून बोलतो. त्याच्या दिग्दर्शकाचे या मालिकेवर प्रेम आहे, आणि मालिकेने ज्याला दुय्यम ठेवले त्याच्याशी त्याचे नाते आहे.

चित्रपटाचा नायक अॅडोनिस जॉन्सन हा अपोलोचा विवाहबाह्य संबंधातून झालेला, वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेला मुलगा. १९९८ मध्ये लॉस एंजेलिसच्या बालसुधारगृहातून अपोलोची विधवा मेरी अॅन त्याला घरी आणते. मोठेपणी तो कचेरीतली चांगली नोकरी सोडून फिलाडेल्फियाला रॉकीकडे जातो. आपली ओळख पटवण्यासाठी तो जी गोष्ट काढतो ती हीच तिसरी लढत. बंद दाराआडच्या लढतीची माहिती ज्याला आहे, तो घरचाच असणार. रॉकीकडून त्याला उत्तर मिळते : अपोलो जिंकला होता. तेहतीस वर्षे गोठलेली चौकट येथे एका वाक्याने वितळते. जेनेत यांच्या परिभाषेत सांगायचे तर पूर्ण मानलेल्या मालिकेतील अपुरेपण शोधून ‘क्रीड’ उत्तरभागाचे रूपांतर पूर्तीत करतो. हा निकाल कोण सांगतो, यालाही महत्त्व आहे. पुरावा नाही, पंच नव्हते. आहे ती पराभूताची साक्ष. रॉकी येथे विजेता म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून मालिकेत परततो. मालिकेने आपल्याच नायकाला आपल्याविरुद्ध साक्ष द्यायला लावावे, ही पुनरुज्जीवनाच्या इतिहासातील सामान्य घटना नाही.

दुसरा प्रसंग याच्याही आधीचा. अॅडोनिस भिंतीवर ‘रॉकी २’मधील लढतीची चित्रफीत प्रक्षेपित करतो आणि तिच्यासमोर उभा राहून ठोसे मारू लागतो. प्रतिमेचा प्रकाश त्याच्या अंगावर पडतो. तो रॉकीच्या जागी उभा आहे आणि न पाहिलेल्या बापावर ठोसे उगारतो आहे. पूर्वसूरींच्या प्रभावाशी झगडणाऱ्या कवीची जी मीमांसा हॅरल्ड ब्लूम यांनी १९७३ मध्ये मांडली, तिचे स्मरण येथे होणे स्वाभाविक आहे. मात्र येथील झगडा दुहेरी आहे. बाप प्रतिमेत आहे आणि ती प्रतिमा दुसऱ्याच्या कथेची आहे. बापापर्यंत पोचायचे तर त्या दुसऱ्याच्या कथेतूनच जावे लागते. कूगलर यांचे दिग्दर्शक म्हणून असलेले स्थानही नेमके हेच आहे.

रूपाच्या पातळीवरही हा विचार दिसतो. स्टेडिकॅम या उपकरणाचा प्रारंभीचा गाजलेला वापर पहिल्या ‘रॉकी’तील पायऱ्यांवरच्या धावेत झाला होता. मूळ मालिकेतील लढती मात्र संकलनाच्या बळावर, नेमके ठोसे निवडून उभ्या राहतात. ‘क्रीड’मध्ये लिओ स्पोरिनोविरुद्धची लढत छायाचित्रकार मारीस अल्बर्टी यांनी दोन फेऱ्यांच्या एकाच सलग शॉटमध्ये दाखवली आहे. कॅमेरा रिंगमधून बाहेर पडत नाही. ठोसे वेचून त्यांचे मिथक करण्याची सवड प्रेक्षकाला मिळत नाही. देहाचा वेळ देहाच्याच मापाने भोगावा लागतो. बिल काँटी यांची सुप्रसिद्ध धूनही संगीतकार लुडविग गोरानसन यांनी दीर्घकाळ रोखून धरली आहे. ती उघडपणे गर्जते ती शेवटच्या फेरीत. वारसा आरंभीच मिळत नाही, तो मिळवावा लागतो, हे चित्रपटाचे सूत्र अशा रीतीने त्याच्या श्राव्य रचनेतही उतरले आहे.

६

नावाचा प्रश्न मुष्टियुद्धाच्या इतिहासात नवा नाही. कॅशस क्ले या नावाचा त्याग केलेल्या अलीला जुन्याच नावाने संबोधणाऱ्या एर्नी टेरेलला ६ फेब्रुवारी १९६७ च्या लढतीत ठोशांगणिक आपले नाव विचारणारा अली अनेकांना आठवत असेल. तेथे मालकांनी दिलेले नाव टाकून देणे हा मुक्तीचा मार्ग होता. अॅडोनिसचा प्रवास उलट दिशेचा आहे. आईचे आडनाव घेऊन गुमनाम लढणारा हा तरुण अखेर बापाचे नाव स्वीकारतो. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवरील शेवटच्या लढतीसाठी मेरी अॅन त्याला ध्वजाच्या रंगांच्या शॉर्ट्स पाठवते. त्यांवर क्रीड आणि जॉन्सन ही दोन्ही नावे आहेत. रॉकीला मैत्रीखातर दिले गेलेले चिन्ह घरी परतते. त्यात जॉन्सन हे आडनाव आहे, यातून इतिहासाच्या वाचकाला पहिला कृष्णवर्णीय विजेता आठवला तर ते वाचन आगंतुक ठरू नये. आणि अॅडोनिस हरतो : पंचांच्या विभागलेल्या कौलाने, जसा १९७६ मध्ये रॉकी हरला होता. तोच निकाल, पण त्याचा अर्थ बदललेला. पराभवातील प्रतिष्ठा, जी पहिल्या चित्रपटाने इतिहास उलटून गोऱ्या नायकाला दिली होती, ती येथे अपोलोच्या मुलाच्या वाट्याला येते.

तरीही या पूर्तीच्या मर्यादा दृष्टिआड करता येत नाहीत. पहिली मर्यादा संहितेतली आहे. बापाचे नाव मुलापर्यंत पोचवणारी स्त्री मेरी अॅन आहे. जन्मदात्या आईचे मात्र आडनावच तेवढे उरते, तिची कथा उरत नाही. तिसऱ्या लढतीचा निकाल शोधणाऱ्या चित्रपटाला हा दुसरा अपुरेपणा जाणवत नाही. दुसरी मर्यादा म्हणजे अॅडोनिसला गुरू म्हणून रॉकीच लागतो. रॉकीचा कर्करोग आणि त्याची जगण्याची नव्याने जागलेली इच्छा हे चित्रपटाचे दुसरे भावकेंद्र होते, आणि प्रेक्षकाची जुनी माया तिकडे वळते. याचा प्रत्यय बाहेरच्या जगात आलाच. २०१६ च्या ऑस्कर पुरस्कारांसाठी ‘क्रीड’ला एकच नामांकन मिळाले, ते सहायक अभिनेता म्हणून स्टॅलोन यांना. त्या वर्षी अभिनयाच्या सर्व वीस नामांकनांत एकही कृष्णवर्णीय कलावंत नव्हता, आणि तसे होण्याचे ते लागोपाठ दुसरे वर्ष होते. संहितेने केंद्र हलवले. मान्यता देणाऱ्या संस्थेला मात्र जुने केंद्रच दिसले.

पुढचे चित्रपटही या संदर्भात पाहावे लागतात. स्टीव्हन केपल ज्युनियर दिग्दर्शित ‘क्रीड २’ने (२०१८) ड्रागोच्या मुलाला समोर आणले. १९८५ मध्ये जो टॉवेल फेकला गेला नाही, तो येथे इव्हान ड्रागो स्वतःच्या मुलाला वाचवण्यासाठी फेकतो. अपुरेपण भरून काढण्याची पद्धत तीच, पण आता ती युक्ती म्हणून ओळखू येऊ लागली होती. जॉर्डन यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘क्रीड ३’मध्ये (२०२३) रॉकी दिसत नाही. प्रतिस्पर्धी अॅडोनिसच्याच पूर्वायुष्यातला, बालपणीचा सोबती आहे. म्हणजे मालिकेला तिचे स्वतःचे अपुरेपण सापडले आणि उसन्या आठवणीची गरज कमी झाली. पुनरुज्जीवन स्वतंत्र परंपरा होण्याचा क्षण बहुधा असाच, काहीशा शांतपणे येतो.

७

या विवेचनातून काय हाती लागते? लोकप्रिय कथामालिका स्वतःचा इतिहास दुरुस्त करू शकते का, हा येथील मूळ प्रश्न आहे. रिंगमधल्या नोंदी बदलत नाहीत. १९१२ चा कायदा झाला तो झालाच. फ्रेझर आपला पुतळा पाहण्यासाठी जगला नाही. १९७६ च्या ‘रॉकी’तील स्थानांची वाटणीही तशीच राहते. परंतु ‘क्रीड’ पाहिलेल्या प्रेक्षकाला ‘रॉकी ३’ची शेवटची चौकट पूर्वीसारखी पाहता येत नाही. जो ठोसा हवेत गोठला होता, तो आता लागलेला आहे, आणि तो अपोलोचा आहे. उत्तरसंहिता पूर्वसंहितेचे वाचन बदलते, एवढीच तिची सत्ता. ती लहान आहे. पण जे मिथक एका खऱ्या माणसाच्या आधी एका कल्पित माणसाचा पुतळा उभारू शकते, त्याच्या संदर्भात वाचन बदलणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

‘क्रीड’च्या अखेरीस आजारी रॉकी आणि अॅडोनिस त्याच संग्रहालयाच्या पायऱ्या चढतात. एकेकाळी या पायऱ्या धावून पार करायच्या होत्या. आता म्हाताऱ्याला मध्येच थांबावे लागते, आणि त्याच्या शेजारी अपोलोचा मुलगा थांबतो. वर पोचल्यावर हात उंचावले जात नाहीत. दोघे शहराकडे पाहत राहतात. त्या शहरात तेव्हा दोन पुतळे उभे होते.